सर, मावशी, रजिस्टर माझ्याकडे आहे

सर आणि मावशी, नमस्कार.

मावशी, तुम्ही हे नातीकडून वाचून घेणार हे माहितीये, म्हणून तिलाच आधी सांगतो, मोठ्याने वाच आणि मधेमधे हसू नको. सर, तुम्ही चष्मा लावून स्वतः वाचाल आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढाल. काढा. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षाच नाही.

मागच्या महिन्यात चापडगावला आपल्या पक्ष्यांच्या ग्रुपच्या मिटिंगमध्ये सर सहज बोलून गेले की "गुडघे आता काठावर उतरू देत नाहीत, पुढच्या सीझनपासून तुम्ही कोणीतरी बघा", आणि लगेच विषय बदलून बोर्डाच्या रंगाच्या डब्याचा हिशोब सांगायला लागले, आणि आम्ही सगळे येडे, आम्हीपण त्या डब्यावरच अर्धा तास चर्चा करत बसलो. थँक्यू कोणीच म्हटलं नाही. मी तर नाहीच. परत येताना चांदोरीपर्यंत मला वाटत राहिलं की काहीतरी तिथेच विसरलो, दोनदा खिसे चाचपले, मोबाईल होता, पाकीट होतं. मग कळलं काय राहिलं ते. समोर बोललो असतो तर तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून उडवून लावलं असतं, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

जे आपल्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नाशिककरांना नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य माहिती असतं ते डिसेंबर-जानेवारीतलं. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या आल्या की लोक स्वेटर घालून निघतात, रोहित (फ्लेमिंगो) आले का, चक्रवाक आले का, थापट्या, तलवार बदक, हळदीकुंकू, आणि पाण्यावर घोळक्याने फिरणारे वारकरी (ज्या कोणी या पक्ष्याला वारकरी म्हटलं त्याला माझा दंडवत, अंग काळंभोर, कपाळावर पांढरा टिळा आणि कायम दिंडीत). गोदावरी आणि कादवाच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, तो पाटाच्या पाण्यासाठी, पक्ष्यांचा विचार कोणी केलेला नव्हता. पण वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, उथळ पाणी झालं, दलदल झाली, मधेमधे बेटं तयार झाली, आणि पक्षी आपणहून आले. सलीम अली यांनी याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं असं आपण सगळे अभिमानाने सांगतो, १९८६ साली अभयारण्य झालं, आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. रामसरच्या माहितीत इथे ५३६ जातींची नोंद आहे, त्यात आपल्या देवळालीच्या नावाचा एक चिमुकला मासा आहे जो जगातून संपायच्या बेतात आहे. हे सर शाळेच्या प्रत्येक सहलीला सांगतात आणि प्रत्येक वेळी एकतरी पोरगं विचारतं, "सर, तो खातात का?"

पण हे झालं थंडीतलं. एप्रिलमध्ये तिथे कोणी येत नाही. पाहुणे पक्षी परत गेलेले, पाणी उतरलेलं, ऊन असं की गाडीच्या हँडलला हात लावता येत नाही. आणि नेमकं तेव्हाच त्या एका छोट्या बेटावर, बेट कसलं, माझ्या सिडकोतल्या बिल्डिंगचं पार्किंग त्याहून मोठं असेल, नदी सुरय (इंग्रजीत रिव्हर टर्न) हे पक्षी अंडी घालतात. घरटं असं काही नसतंच. वाळूत एक खळगा, त्यात दोन-तीन ठिपक्याठिपक्यांची अंडी, दोन फुटांवरूनही दिसणार नाहीत. २०२० पासून या पक्ष्याचं नाव जगाच्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे, कारण नदीतली अशी मोकळी बेटंच कमी होत चाललीत, कुठे वाळू उपसली जाते, कुठे धरणाचं पाणी अचानक येतं, कुठे कुत्री पोचतात. आपला ग्रुप, ज्याला अजून धड नावसुद्धा नाही, या एका बेटासाठी आहे. आणि ग्रुप म्हणजे इतकी वर्षं मुळात तुम्ही दोघं.

आता माझी गोष्ट. लपवून काय करू, निम्म्या लोकांना माहितीच आहे.

चार वर्षांपूर्वी मी नवीन कॅमेरा घेतला होता, सातपूरच्या कंपनीत शिफ्ट संपली की व्हिडिओ बघून फोटोग्राफी शिकायचो, आणि तुमच्यासोबत दोन रविवार आलो आणि मला वाटलं मी पक्षीतज्ज्ञ झालो. काठावरूनच, लांब लेन्सने, सुरयचा फोटो मिळाला, अंड्यांवर बसलेली, पिवळीधमक चोच, डोक्यावर काळी टोपी. मी त्याची रील केली आणि खाली लोकेशन टाकलं. कुठून वळायचं, गाडी कुठे लावायची, सगळं. लाइक बघत झोपलो. पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग होती, पाणी इतकं उतरलं होतं की चिंचोळ्या पट्टीवरून काही जण पार बेटाच्या टोकापर्यंत गेले आणि एकाने तर ड्रोन काढला. अभयारण्यात. सगळ्या सुरय एकदम उठल्या आणि वर ओरडत फिरत राहिल्या.

मला तोपर्यंत वाटायचं पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला. त्या उन्हात तो सावली धरायला बसतो, हे मावशींनी मला त्या दिवशी सांगितलं, आणि पाण्यात पोट भिजवून येतो, ओल्या पिसांनी अंडी गार ठेवायला. तो उठला की अंडी त्या तापलेल्या वाळूत उघडी. शिवाय कावळे होतेच, ते तर वाटच बघत असतात. संध्याकाळी सरांनी स्कोपमधून (लांबचं बघायच्या दुर्बिणीतून) बघून रजिस्टरमध्ये लिहिलं: सकाळी बसलेले पक्षी ११, संध्याकाळी ४. कारण कोणाचं ते लिहिलं नाही. जागा सोडली.

मी तेव्हा मनात ठरवलं होतं की आता यायचं नाही. तुम्ही ग्रुपमधून काढाल याची वाट बघत होतो, खरं सांगतो, काढलं असतं तर बरंच वाटलं असतं, सुटलो असतो. त्याऐवजी रात्री सरांचा फोन. "रील डिलीट केलीस?" म्हटलं, केली. "मग रविवारी सहाला ये. घरून खुर्ची आण." एवढंच. फोन कट. पुढचे तीन रविवार मी रस्ता संपतो तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, टोपी घालून, प्रत्येक गाडीला सांगत होतो की पुढे का जायचं नाही. काही ऐकायचे, काही म्हणायचे तू कोण सांगणारा, एकाने तर मला माझीच रील दाखवली, कोणीतरी डाऊनलोड करून फिरवली होती. तेव्हापासून मावशी मला खुर्चीवाला म्हणतात. दुसरं कोणी म्हटलं असतं तर राग आला असता.

सर, त्या खुर्चीसाठी थँक्यू. तुम्ही मला त्यावरून कधी लेक्चर दिलं नाही, यासाठी तर जास्तच, कारण तुम्हाला लेक्चर द्यायला किती आवडतं हे आम्ही जाणतो.

आणि रजिस्टर. तारीख, वेळ, खुणेच्या दगडापासून पाणी किती, कुत्री, गुरं, माणसं, स्कोपमधून दिसलेले पक्षी, शेरा. पहिली काही पानं चाळली तेव्हा मला हसू आलं होतं, कारण ओळीच्या ओळी "कुत्री ०, माणसं ०, शेरा: काही नाही". मी विचारलं, सर, काही झालंच नाही तर लिहायचं कशाला? तुम्ही म्हणालात, "हजेरीत गैरहजर पोराचंही नाव असतं ना." मी कंपनीत क्वालिटीला आहे, रोज रीडिंग घेतो, आणि मला हे कोणी असं सांगितलं नव्हतं. जानेवारीच्या पाणपक्षी गणनेलाही तसंच, नवीन पोरं हजारभर बदकं बघून घाबरतात, तर तुम्ही त्यांना घेऊन बसता की आधी दहाचा एक गठ्ठा डोळ्यात बसवा, मग तो गठ्ठा पूर्ण थव्यावर ठेवत जा, आणि जे दिसलं नाही ते भीडेखातर लिहू नका.

मावशी, तुमचं काम तर रजिस्टरमध्ये कुठेच नाही. पाणी उतरलं की काठची गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळातली शेती, सुरू होते, काकडी, कलिंगडं, ज्याची त्याची वहिवाट ठरलेली, आणि गुरं मोकळी. वनखात्याचा बोर्ड आहे, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, पण बोर्ड वाचून कोणी म्हैस वळवत नाही. तुम्ही पाडव्याच्या आधी घरोघर जाता. मी एकदा सोबत होतो, मला वाटलं तुम्ही आता पर्यावरण, जैवविविधता वगैरे सांगाल. तुम्ही ओट्यावर टेकलात, त्या घरच्या सुनेची चौकशी केली, चहा प्यालात, आणि उठताना म्हणालात, "तिकडं बेटावर बाळंतिणी बसल्यात गं, सव्वा महिना तेवढा गुरं जाऊ देऊ नका." बस. त्या घरातल्या आजींनी लगेच पोराला हाक मारून सांगितलं. मी दोन वर्षं पोस्टर डिझाईन करत होतो!

मागच्या उन्हाळ्याचंही लिहितो, कारण त्याबद्दल आपण नंतर बोललोच नाही. पाटकऱ्यांकडून सरांना कळलं की वरून आवर्तन (धरणातून पाळीने सोडतात ते पाणी) सुटतंय, दोन दिवसांत पाणी चढणार. सरांनी एका ऑफिसात अर्ज दिला, चार दिवस थांबता आलं तर बघा, पिल्लं निघायच्या बेतात आहेत. उत्तर आलं नाही, पाणी आलं. आपण काठावर उभे होतो आणि खुणेचा दगड बोट-बोट बुडत गेला. मी चिडून काहीतरी बोललो त्या ऑफिसला, आणि मावशी म्हणाल्या, "खाली कोपरगाव-वैजापूरकडं पण बाया हंडे घेऊन उभ्या असतील रे. तहान त्यांचीपण खरीच." मला तेव्हा पटलं नव्हतं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही, चार दिवसच मागितले होते आपण. पण सरांनी दुसऱ्याच दिवशी पुढच्या वर्षीच्या अर्जाचा मसुदा लिहायला घेतला, या वेळी जानेवारीतच द्यायचा, तारखांसकट, मागच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी जोडून. तेव्हा मला त्या शून्यांचा उपयोग कळला. यंदा आवर्तन आलं ते पिल्लं उडाल्यावर आलं. अर्जामुळे की नशिबाने, कोणी सांगितलं नाही. सरांनी शेऱ्यात दोन्ही शक्यता लिहिल्यात.

पाणवेली काढायला जमलेल्या कॉलेजच्या पोरांना भाकरी-पिठलं, परवानगीसाठी मारलेल्या चकरा, कधीच न घेतलेले पेट्रोलचे पैसे, ते सगळं मोजत बसलो तर सर म्हणतील गठ्ठ्याने मोज. मोजत नाही.

एक तक्रार मात्र आहे. तुम्ही दोघांनी सगळं इतकं अंगावर घेतलं की आम्हाला काही येतच नाही. पाटकऱ्यांचा नंबर अजून सरांच्या त्या लाल डायरीत आहे, कोणत्या घरी आधी जायचं आणि कोणत्या घरी चहा घेतलाच पाहिजे हे मावशींच्या डोक्यात. तर जबाबदारी सोडा, पण लगेच सोडू नका. पाडव्याला मावशींच्या मागे पिशवी धरून मी येतो, तुम्ही फक्त बसा आणि बोला. आणि सर, डायरी द्या. झेरॉक्स काढून परत देतो, शप्पथ.

काल रविवार होता, मी एकटाच जाऊन आलो. वरच्या धरणांमधून पाणी सोडलंय, नदी लाल आणि फुगलेली, बेट पूर्ण खाली गेलंय. रजिस्टरमध्ये लिहिलं: वेळ सकाळी ७.१०. खुणेचा दगड दिसत नाही. बेट दिसत नाही. कुत्री ०. माणसं १, ते मीच. शेऱ्याचा रकाना सोडलाय, माझं अक्षर तुम्हाला आवडत नाही, तुम्ही आल्यावर भरा. गुडघ्यांचं बघून सांगा, मी नाशिकच्या द्वारका सर्कलवरून गाडी घेऊन येतो, काठापर्यंत नेतो, खुर्ची डिकीतच आहे.

तुमचा,
खुर्चीवाला
सिडको, नाशिक