पेशंट केअर सेंटर तपासतं कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळाला म्हणजे पेशंट बरा झाला असं नसतं. नाकात नळी, लघवीला नळी, स्वतःहून कूसही बदलता येत नाही अशा अवस्थेत माणूस घरी येतो आणि घरात दोघं नोकरीवाले, इमारतीला लिफ्ट नाही, मग पुण्यात हल्ली गल्लोगल्ली ज्या पाट्या दिसतात ना, नर्सिंग केअर, पेशंट केअर, रिहॅब सेंटर, तिथेच ठेवावं लागतं. आईला पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला तेव्हा आम्हीही ठेवलं. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण ओळखीच्यांना विचारलं तर बऱ्याच जणांनी दुसऱ्या सेंटरबद्दल हेच सांगितलं.

डिपॉझिट घेताना २४ तास ट्रेन्ड नर्स म्हणाले होते. रात्री मात्र अख्ख्या हॉलला एक मावशी, आणि नर्स "ऑन कॉल". एकदा दुपारी साडेबाराला आईच्या बेडला लावलेला चार्ट बघितला तर २, ४ आणि ६ वाजता कूस बदलल्याच्या टिका आधीच मारून ठेवलेल्या! एअर बेडच्या पंपाचा प्लग काढून तिथे कोणीतरी मोबाईल चार्जिंगला लावलेला. माकडहाडापाशी आधी नुसता लाल चट्टा होता, बघता बघता त्याची जखम झाली, आणि असा बेडसोअर भरून यायला किती महिने लागतात ते ज्यांनी घरात बघितलंय त्यांनाच माहीत. दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं, कातडी कोरडी ठेवणं, डायपर वेळेवर बदलणं, यात महागडं मशीन काही लागत नाही हो, माणसं लागतात.

मावशींना मी दोष देणार नाही. आईचे केस विंचरून वेणी घालणारी तीच एकटी होती. पण तिला नळीने फीड देताना डोक्याकडची बाजू उंच करायची आणि नंतरही थोडा वेळ तशीच ठेवायची हे कोणी शिकवलंच नव्हतं, ती आडवं ठेवूनच देत होती. फीड फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि या वयात तो जिवावर बेततो.

कायदा नाही असंही नाही. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे आणि त्यात नर्सिंग होमची व्याख्या करताना आजारी, जखमी यांच्याबरोबर दुर्बल, परावलंबी माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा करणारी जागाही धरलीय. पात्र नर्सचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते, तपासणीचा अधिकार आहे. २०२१ च्या नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणं बंधनकारक केलंय. तरी यातली काही सेंटर स्वतःला वृद्धाश्रम म्हणवतात, काही नुसतं होमकेअर, आणि मग आरोग्य खातं म्हणतं आमच्याकडे येत नाही.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या सासूबाईंना खुब्याच्या ऑपरेशननंतर तिकडच्या नर्सिंग सेंटरला ठेवायचं होतं तेव्हा तिने घरी बसून सरकारी वेबसाइटवर प्रत्येक सेंटरचे तपासणी रिपोर्ट वाचले. मेडिकेअर, म्हणजे तिकडच्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे पैसे घेणाऱ्या सेंटरची तिकडे जास्तीत जास्त १५ महिन्यांत तपासणी व्हावीच लागते, काय चुकलं ते जाहीर होतं, आणि २००८ पासून एक ते पाच स्टार देतात. तिकडेही तक्रारी असतात, स्टाफ कमी असतो, सगळं छान आहे असं ती पण म्हणत नाही. पण निदान वाचायला काहीतरी मिळतं, इथे आम्ही गुगलचे रिव्ह्यू बघून आईला सोडून आलो.

म्हणून महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे मागणी आहे की अंथरुणाला खिळलेले पेशंट ठेवणारी प्रत्येक जागा, पाटीवर काहीही लिहिलेलं असो, या कायद्यात नोंदवून घ्या, रात्रीच्या ड्युटीला किती पेशंटमागे किती पात्र नर्स आहेत ते दारावर लावायला सांगा, न कळवता रात्री तपासणी करा आणि रिपोर्ट वेबसाइटवर टाका. सेंटर बघायला जाणाऱ्यांनीही शक्य असेल तर रात्री नऊनंतर जावं, नोंदणीचं सर्टिफिकेट मागावं आणि ड्युटीवरच्या नर्सला प्रत्यक्ष भेटूनच डिपॉझिट भरावं.

एक वाचक, कोथरूड, पुणे