वेरूळच्या अलीकडे उतर

छत्रपती संभाजीनगर,
२१ सप्टेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दिवाळीत मुलांना घेऊन येतोस हे कळल्यापासून घरात दुसरा विषय नाही. आईनं तर आत्तापासून अनारशाच्या पिठाचं बोलायला सुरुवात केली आहे. एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा आणि बाकी नुसत्या गप्पा, हा तुझा बेत छानच आहे. फक्त वेरूळच्या दिवसात मला थोडी ढवळाढवळ करू दे. घाट चढून वर आलं की वेरूळच्या चार-पाच किलोमीटर अलीकडे खुलताबाद लागतं. तिथं उतरायचं आणि निम्मा दिवस तिथंच घालवायचा. तू हो म्हणेपर्यंत मी काही गप्प बसणार नाही.

परवा १७ सप्टेंबरला शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं आणि मी तसाच मध्यवर्ती बसस्थानकावर गेलो. खुलताबादची गाडी लागलेलीच होती. अंतर म्हणशील तर पंचवीस-सव्वीस किलोमीटर, पण छावणी मागं पडली, देवगिरीचा डोंगर समोर आला की शहर संपलं. दौलताबादच्या पुढं रस्ता जुन्या तटाच्या दिल्ली दरवाजातून जातो, तुला आठवत असेल. एसटी त्या कमानीतून निघते तेव्हा अजूनही अख्खी गाडी श्वास धरून बसते. पलीकडून येणारा ट्रक थांबला, कंडक्टरनं खिडकीतून मान काढून "येऊ द्या, येऊ द्या" केलं आणि मग गाडी घाटाला लागली. यंदा पाऊस बरा झाला, त्यामुळे डोंगर पार पायथ्यापर्यंत हिरवा आहे. सीताफळाच्या झाडांवर फळं धरली आहेत, पण त्यांचे डोळे अजून उघडायचे आहेत. तू येशील तेव्हा हाच घाट सीताफळांच्या पाट्यांनी भरलेला असेल.

गाव म्हैसमाळच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. जुना तट, वेशी, अरुंद गल्ल्या आणि थोड्या थोड्या अंतरावर एखादा घुमट. जुनी माणसं गावाला अजून 'रौजा'च म्हणतात. चहाच्या टपरीवर मराठी आणि दखनी एकाच वाक्यात ऐकू येते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला हे फार आवडतं. आपल्या मराठवाड्याची बोली अशीच तर घडली आहे.

बहुतेक लोक येतात ते औरंगजेबाची कबर पाहायला. मीही गेलो. शेख झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात, वर छप्पर नाही, उघडी माती. संगमरवरी जाळी आहे ती फार नंतरची. मराठ्यांचा बंदोबस्त करतो म्हणून हा बादशहा १६८१ साली दक्षिणेत उतरला. पुढं संभाजीराजांना हालहाल करून मारलं, तरीही मराठे संपले नाहीत, आणि १७०७ साली अहमदनगरजवळ मरेपर्यंत त्याला दिल्ली पुन्हा दिसली नाही. इतकी वर्षं शाळेत सनावळ्या पाठ करून जे कळलं नव्हतं ते त्या मातीच्या चौकोनापुढं उभं राहिल्यावर कळतं. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा तानाशहा, ज्याला त्यानं देवगिरीवर कैदेत ठेवलं, तोही याच गावात पुरला आहे.

आणि समोरच्या बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात हैदराबादचा पहिला निजाम आहे. आसफजाह, मृत्यू १७४८. मी तिथं उभा होतो ती तारीख १७ सप्टेंबर. सकाळीच आम्ही पोरांना सांगितलं होतं की १९४८ साली याच दिवशी निजामाचं राज्य संपलं. मधे बरोबर दोनशे वर्षं. तुझ्या आजोबांची फार आठवण झाली रे. रझाकारांच्या भीतीनं रातोरात बैलगाडी जुंपून गाव सोडल्याची गोष्ट ते सांगायचे, आणि "तेव्हाच्या रात्रीत बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवल्या होत्या" या वाक्याशी दरवेळी थांबायचे. ज्याच्या वंशाच्या राज्यात ती रात्र आली तो इथं आहे. माझ्या मनात राग नव्हता. पण नातवंडांना हे ठिकाण दाखवायला ते असायला हवे होते, असं राहून राहून वाटलं.

पण तुला इथं उतर म्हणतो ते या दोघांसाठी नाही, मलिक अंबरसाठी.

गावाच्या एका कडेला, जरजरीबक्ष दर्ग्याच्या बाजूला त्याचा मकबरा आहे. जोत्यावर उभं असलेलं भक्कम दगडी बांधकाम, वर घुमट. शेजारी त्याच्या बायकोचा, करीमाचा, थोडा लहान मकबरा. मी गेलो तेव्हा तिथं चिटपाखरू नव्हतं. जोत्याच्या सांध्यांतून गवत वर आलेलं, आणि एक म्हातारबाबा बकऱ्या चारत बसलेले. "कुणाचं आहे हे?" म्हणून मुद्दाम विचारलं, तर म्हणाले, "अंबर राजाचं. पाणी आणलं ना त्यानं तुमच्या गावाला." मला भरून आलं. शहरात त्याच्या नावाची पाटी शोधावी लागते, आणि इथं बकऱ्या राखणाऱ्या माणसाला त्याचं काम ठाऊक आहे.

गड्या, हा माणूस केवढा होता बघ. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. या मालकाकडून त्या मालकाकडे असं करत बगदादवरून दख्खनेत पोचला. अहमदनगरच्या निजामशाहीचा (ही हैदराबादच्या निजामाहून वेगळी) पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं, आणि पुढं बुडती निजामशाही त्यानंच सावरून धरली. अकबराच्या, मग जहांगीराच्या फौजांना त्यानं दख्खनेत पाय रोवू दिले नाहीत. मराठा घोडेस्वार घेऊन गनिमी काव्यानं तो मोगलांना हैराण करायचा. १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा त्यानं एकदम हरवल्या. त्या लढाईत त्याच्या बाजूनं शहाजीराजे होते, आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले. म्हणजे घाट उतरून खाली वेरूळला ज्या मालोजीराजांची गढी आहे, त्यांचीच ही दोन मुलं. जहांगीराचा राग इतका की भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्याला आपण बाण मारतो आहोत असं चित्र त्यानं काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याच्या हाती कधीच लागलं नाही. १६२६ साली अंबर वयोवृद्ध होऊन मेला आणि स्वतःच बांधून ठेवलेल्या या जागेत विसावला. मोगल दरबारच्या इतिहासकारालासुद्धा त्याच्या कर्तबगारीचं कौतुक लिहावं लागलं.

१६१० साली त्यानं खडकी वसवली. तेच आपलं शहर. आणि शहर वसवायचं तर आधी पाणी, हे त्यानं ओळखलं. उत्तरेच्या डोंगरात झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत गोळा केलं आणि नुसत्या उतारावर खापराच्या नळांतून शहरात आणलं. आपल्या खोलीच्या गल्लीच्या तोंडाशी तो उंच चौकोनी बंबा होता ना, ज्याला टेकून आपण परीक्षेच्या आधी पेपरांच्या चर्चा करायचो? तो या नहरीचाच, म्हणजे अंबरच्या जमिनीखालच्या कालव्याचाच. नळात हवा कोंडली की पाण्याचा जोर तुटतो, म्हणून मधे मधे हे बंबे बांधले. पाणी बंब्यात वर चढायचं, हवा निघून जायची, पाणी पुन्हा खाली उतरून पुढं धावायचं. पंप नाही, वीज नाही. आज आमच्याकडे नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, आणि तेही साठ किलोमीटरवरच्या जायकवाडीतून वर चढवून आणावं लागतं. पिंप भरताना मला हल्ली रोज अंबरची आठवण येते.

म्हणून म्हणतो, मुलांना कैलास लेणं दाखवण्याआधी इथं आण. तुझी थोरली आता सातवीत ना? तिच्या पुस्तकात अंबर दोन-चार ओळींत उरकलेला असेल. तिनं त्या जोत्यावर बसून ही गोष्ट ऐकावी, एवढीच माझी इच्छा आहे. धाकट्याला भद्रा मारुती आवडेल. झोपलेला मारुती त्यानं कुठं पाहिला असणार? फक्त शनिवार टाळू, फार गर्दी असते. वहिनींना शूलिभंजनला नेऊ. देवगिरीवरच्या जनार्दनस्वामींच्या सांगण्यावरून एकनाथांनी तिथं तप केलं. पैठणचं माहेर असलेल्या बाईनं ते पाहिलं नाही हे काही बरोबर नाही! म्हैसमाळ वेळ उरला तर, नाही तर पुढच्या पावसाळ्यात.

बेत असा. सकाळी लवकर निघायचं, भाकरी-ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी आई बांधून देईल. दुपारपर्यंत खुलताबाद, मग घाट उतरून वेरूळ. कैलास तिसऱ्या प्रहरच्या उन्हात पाहू. परत येताना मालोजीराजांची गढी आणि घृष्णेश्वर.

तू देवगिरी एक्स्प्रेसनंच येणार असशील. ती पहाटे लवकर येते, मी स्टेशनवर असेन, रिक्षा बघू नकोस. तिकिटं काढताना एवढंच पाहा की वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. तारखा ठरल्या की लगेच कळव, म्हणजे मी शाळेत रजेचा अर्ज टाकतो.

काका-काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना खोलीमित्र