आगोटीत ऑईलचे बॅरलही आत घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, तयारी सुरू झाली की आपल्या पेपरात गटारं, दरडी, विजेच्या तारा यांच्या बातम्या येतात, घरोघरी लाकडं नि सुकी मच्छी भरायची घाई असते, पण एमआयडीसीतल्या शेडबाहेर उभे असलेले हायड्रॉलिक ऑईलचे (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मशीनमध्ये घालायच्या तेलाचे) बॅरल आत घ्या असं कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र. मी २२ वर्षं मेन्टेनन्स फिटर आहे, प्रेस (दाबयंत्र), चिरेखाणीतले पोकलेन, बोटींवरचे हायड्रॉलिक विंच (दोर ओढायचे रहाट) सगळं केलंय, आणि इथे मी उघडलेल्या पंपांपैकी बरेचसे पाण्याने नाहीतर लाल धुळीनेच गेलेले होते.

दोन वर्षांपूर्वी जुलैत एका युनिटमधला प्रेसचा पंप रात्रपाळीत ओरडायला लागला, टाकीचं झाकण काढलं तर ऑईल ताकासारखं पांढरं. मालक म्हणाले ऑईल डुप्लिकेट आलं. ऑईल चांगलं होतं हो, ४६ नंबर (म्हणजे जाडीचा ग्रेड), सीलबंद बॅरल, आठ दिवसांपूर्वीच ओतलेलं. पण तो बॅरल महिनाभर पागोळीखाली उभा होता. लोकांना वाटतं बूच घट्ट आहे, पाणी कसं जाईल, तर ते असं जातं की वरच्या कडेच्या आत पावसाचं पाणी साचतं, ऊन पडलं की बॅरल तापून आतली हवा बुचातून थोडी बाहेर पडते आणि सर आली की बॅरल गार होऊन तेवढीच हवा परत आत खेचतो, आणि बुचावर तर पाणी उभं असतं मग तेच आत जातं. दिवसातून चार वेळा ऊनपाऊस, विचार करा किती गेलं असेल. चार दिवस प्रेस बंद, पंप नवा. बॅरल आत घ्यायला दोन माणसं नि दहा मिनिटं लागली असती. शेडमध्ये जागाच नसेल तर निदान आडवा ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत, म्हणजे बुचावर पाणी उभं राहत नाही आणि आतून ऑईल असल्याने हवाही खेचली जात नाही.

दुसरं म्हणजे ब्रीदर, टाकीवरची हवा आतबाहेर जायची गाळणीवाली टोपी. सिलिंडर बाहेर गेला की टाकीतली लेव्हल उतरते आणि तेवढी हवा बाहेरून आत येते, दिवसभर हेच चालू. आणि आपल्याकडे ब्रीदरची टोपी हरवली की फडकं बांधतात! खाणीवर तर ते फडकंही नसतं. डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचा कण दिसत नाही आणि व्हॉल्व्हमधली फट त्याहून खूप बारीक असते, म्हणून ऑईल हातावर घेऊन स्वच्छ आहे म्हणणं मला पटत नाही. नवं ऑईलसुद्धा फिल्टरमधूनच टाकीत घाला.

रिटर्न फिल्टर (टाकीत परत येणारं ऑईल गाळणारा) चोकअप झाला तर बायपास, म्हणजे बाजूची वाट, उघडतो आणि ऑईल न गाळताच फिरत राहतं, मशीन चालतं म्हणून कुणी बघत नाही, इंडिकेटर लाल होऊन महिने जातात. काही ठिकाणी फिल्टरमधला कागदी एलिमेंट (गाळणारा भाग) रॉकेलने धुवून हवा मारून परत बसवतात, हे कृपा करून करू नका, कागद फाटतो आणि फाटलेला दिसतही नाही. सक्शनची, म्हणजे पंप ऑईल ओढतो त्या तोंडाची, तारेची जाळी धुतली तर चालते.

पाणी आहे का बघायला लॅब लागत नाही. सकाळी पंप चालू करायच्या आधी टाकीचा खालचा ड्रेन जरा उघडा, रात्रीत पाणी खाली बसलेलं असतं. नाहीतर गरम तव्यावर दोन थेंब टाका, तडतडलं की पाणी आहे.

माझी मागणी एवढीच, छोट्या युनिटना फिल्टर ट्रॉली (ऑईल गाळायचा चाकांवरचा पंप नि फिल्टर) एकेकट्याने परवडत नाही तर उद्योजकांच्या संघटनेने एक घेऊन पाळीपाळीने द्यावी, आणि आयटीआयच्या फिटरच्या पोरांना एक दिवस बॅरल नि ब्रीदर दाखवावा. आणि काढलेलं जळकं ऑईल पऱ्यात (ओढ्यात) ओतू नका, २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचं असतं, पऱ्याचं पाणी शेवटी खाडीतच जातं आणि तिथे आपलेच लोक कालवं काढतात.

आपला,
एक मेन्टेनन्स फिटर, रत्नागिरी