रविवारच्या पानावर शब्दशिडी हवी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

'ॲलिस इन वंडरलँड'चा लेखक लुईस कॅरल म्हटले की पुरवण्यांतला मजकूर ॲलिस आणि तिच्या सशापलीकडे सहसा जात नाही. ऑक्सफर्डला गणित शिकवणाऱ्या या गृहस्थाने १८९१ मध्ये रात्री दिवा न लावता टिपणे काढण्यासाठी सोळा चौकोनी खिडक्यांची पुठ्ठ्याची पट्टी बनवली होती. पण आपल्या कोड्यांच्या पानाला उपयोगी पडेल असा त्याचा खेळ म्हणजे 'डब्लेट्स', आपल्या भाषेत शब्दशिडी. १८७७ च्या नाताळात कंटाळलेल्या दोन मुलींसाठी त्याने तो रचला आणि मार्च १८७९ पासून लंडनच्या 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकात तो छापून येऊ लागला. दोन सारख्या लांबीचे शब्द द्यायचे. दर पायरीला एकच अक्षर बदलायचे. मधला प्रत्येक शब्द खरा हवा. डुकराला खुराड्यात घालायचे कोडे असे सुटते: पिग, विग, वॅग, वे, से, स्टाय (pig, wig, wag, way, say, sty). शेवटची उडी कानाला मोठी वाटते, पण स्पेलिंगमध्ये एकच अक्षर हलते.

मराठीत हे जसेच्या तसे आणले की खेळ फसतो. अख्खे अक्षर बदलू दिले तर दूध, दूर, तार, ताक असे तीन उड्यांत काम होते आणि गंमत संपते. म्हणून नियम कडक करावा: एका पायरीला एक तर व्यंजन बदलायचे, नाही तर त्याची स्वरमात्रा. मग दूध, दूर, दार, तार, ताक असे चार बदल लागतात. तीन बदलांत होतच नाही, कारण पहिलीच पायरी 'दाध', 'तूध' किंवा 'दूक' अशी निरर्थक पडते. अशी कोंडी सापडली की कोडे चांगले समजावे. 'मातीचे मोती करा' हे वाचायला झकास, पण एका मात्रेत सुटते. ते छापू नये.

जोडाक्षरे सुरुवातीला वगळावीत, मोजणीवरून भांडणे होतात. आई, ऊस असे स्वराने सुरू होणारे शब्दही टाळावेत; तिथे बदलायला व्यंजनच नसते. ऱ्हस्व-दीर्घ हा वेगळा बदल मानावा. आणि शब्द मूळ रूपातच हवा. 'दारा', 'तारी' चालवले की कोणतीही शिडी कुठेही टेकते! कॅरलनेही पुस्तक काढताना चालणाऱ्या शब्दांची यादी सोबत जोडली होती. आपण एखादा प्रमाण शब्दकोश आधीच जाहीर केला तर सोमवारचे फोन कमी होतील.

हा परका पोरखेळ आहे असे कोणी म्हणेल, त्याने मोरोपंतांकडे पाहावे. 'केकावली'मुळे ज्यांना आपण गंभीर चेहऱ्याने आठवतो, त्याच पंतांनी निरोष्ठ रामायण रचले, म्हणजे प, फ, ब, भ, म टाळून. त्यात 'राम' हे नावच घेता येत नाही.

पहिल्या रविवारसाठी सुचवतो: पानाचे फूल करा. तीन बदलांत होते. उत्तर पुढच्या अंकात द्यावे, त्याच पानावर उलटे छापू नये.

आपला,
एक शब्दकोडेप्रेमी वाचक