लेक डिस्ट्रिक्टमध्ये फक्त तळी नाहीत!

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टचा लेख वाचला, फोटो झकास आहेत पण तळी, बोटिंग आणि कवी वर्ड्सवर्थचं घर यापलीकडे काहीच नाही. तिथून पश्चिमेला समुद्राकडे गेलं की गॉसफर्थ नावाचं गाव लागतं आणि तिथल्या सेंट मेरी चर्चच्या आवारात, साध्या थडग्यांच्या मधे, दहाव्या शतकातला लाल वालुकाश्माचा क्रॉस उभा आहे, उंची जवळपास साडेचार मीटर पण जाडी अगदी कमी, खाली गोल आणि वर चौकोनी. चर्चचा क्रॉस म्हणून येशू आहेच, पण त्याच्याच वरच्या बाजूला व्हिदार नावाचा व्हायकिंगांचा देव राक्षसी लांडग्याचा जबडा फाडतोय आणि दुसऱ्या बाजूला तळाशी बांधून घातलेला त्यांचाच कपटी देव लोकी, त्याच्यावर सापाचं विष पडू नये म्हणून बायको वाडगं धरून बसलीये! म्हणजे व्हायकिंग लोक तिथे स्थायिक झाले, ख्रिस्ती व्हायला लागले, तरी जुन्या देवांच्या गोष्टी काही सुटल्या नाहीत.

हजारेक वर्षं हा दगड उघड्यावर पाऊस खातोय, कोरीवकाम बरंच झिजलंय. स्कॉटलंडमधला रथवेलचा क्रॉस (तो तर सतराव्या शतकात धर्माच्या नावाखाली फोडला होता, नंतर जोडला) १८८७ साली चर्चच्या आत नेला, मग याच्यावर निदान छप्पर तरी घालायला काय हरकत आहे? ज्यांना तेवढं लांब जमणार नाही त्यांनी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली गॉसफर्थच्या क्रॉसची प्लास्टरची प्रतिकृती बघावी, तिथे एन्ट्री फ्री असते.

– एक वाचक, पुणे