दऱ्या, वाळू आणि पिंट्याचं लग्न

चँडलर, ॲरिझोना
कोजागरी पौर्णिमा

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. नमस्कार.

आधी महत्त्वाचं. मी सुखरूप परत आले आहे आणि आई, अंगावर साधा ओरखडासुद्धा नाही. फोनवर तू "बरं बरं" म्हणालीस, पण पिंट्या सांगत होता की नंतर तू बराच वेळ अंथरुणात कुस बदलत होतीस. म्हणून सगळं नीट लिहून काढते. पिंट्याने हे मोठ्या अक्षरांत छापावं. बाबांचे डोळ्यांत थेंब घालायचे दिवस संपले नसतील तर त्यानेच वाचून दाखवावं, बाबांनी हट्ट करू नये. ऑफिस, घर, जेवणखाण यांचं काही लिहीत नाही, ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे तसंच चाललंय. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, एवढंच आईसाठी.

पिंट्याने तुला पुराचा तो व्हिडिओ दाखवायलाच नको होता. ज्या दरीत मी फिरायला गेले होते त्या अँटलोप कॅन्यनमध्ये पूर आला होता हे खरं आहे, मी नाकारत नाही. 12 ऑगस्ट 1997 ला तिथे 11 जण वाहून गेले. दरीवर पाऊस जवळजवळ नव्हताच. तो पडला होता कित्येक मैल लांब, आणि तिथलं पाणी अरुंद घळीतून एकदम आलं. पण तेव्हापासून तिथे पक्क्या लोखंडी शिड्या बसवल्या आहेत, वर दोरीची जाळी तयार असते आणि तिकिटाच्या खिडकीवर हवामान खात्याचा रेडिओ आणि भोंगा असतो. ती जमीन नवाहो या इथल्या मूळ रहिवासी लोकांची आहे आणि त्यांच्या वाटाड्याशिवाय कुणालाही आत सोडत नाहीत. आभाळाचं जरा काही वाटलं की ते फेरी रद्द करतात. शिवाय इथलाही पावसाळा, आणि इथले लोकही त्याला मान्सूनच म्हणतात, 15 जून ते 30 सप्टेंबर असा धरतात. आम्ही गेलो तो पार सरल्यावर. आई, तू स्वतःच सांगत आलीस ना की सांदण दरीत पावसाळ्यात उतरायचं नाही? तुझंच ऐकून वागले मी.

आणि एकटी नव्हते. आम्ही चौघी होतो. माझ्या ऑफिसातली तेलुगू मैत्रीण, एक निवृत्त नर्सबाई आणि त्यांची बहीण. या दोघी बहिणी पंचवीस-तीस वर्षं त्या भागात फोटो काढत फिरताहेत. प्रत्येकीच्या वाटचं दिवसाला चार लिटर पाणी गाडीत भरल्याशिवाय त्या किल्लीच फिरवत नाहीत. तुझ्यापेक्षा त्याच मला जास्त ओरडतात.

दरी कशी होती, ते मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. सांदण तुम्ही पाहिली आहे, तेवढीच अरुंद. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. पण सांदणचा कातळ काळा, तो उजेड गिळून टाकतो. हा दगड नारिंगी आहे आणि तो उजेड एका भिंतीवरून दुसरीवर टोलवत खाली आणतो. वर पिवळा, मधे केशरी आणि तळाशी चक्क जांभळा. ऊन सरळ तळाला पोचण्याचे महिने उन्हाळ्याचे, त्यामुळे ज्या झोताचे फोटो सगळीकडे दिसतात तो आम्हाला मिळाला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. परतलेल्या उजेडातले रंग मला जास्त खरे वाटतात. चौकटीत आभाळ येऊ द्यायचं नाही, नाहीतर तेवढी पट्टी पांढरीफटक होते आणि बाकी सगळं काळं. ट्रायपॉड आत नेऊ देत नाहीत, म्हणून खांदा भिंतीला टेकवायचा, श्वास धरायचा आणि बटण दाबायचं. लेन्स आत कधीच बदलायची नाही, कारण वरून बारीक वाळू सतत झरत असते. त्या घळीत तासभर मला दुसरं काहीही आठवत नव्हतं, ना ऑफिस ना व्हिसा. असा तास मला इथे दुसरीकडे कुठेही मिळत नाही, हे तुम्ही समजून घ्या.

आता तू ज्यावरून सगळ्यात जास्त घाबरलीस ते. मी "सकाळी आठला बोलू" म्हणाले आणि फोन लागला नाही. दरीत रेंज नसते हे एक कारण. दुसरं कारण विचित्र आहे आणि ते समजेपर्यंत मलाही बराच काळ गेला, म्हणून सावकाश वाचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. आमचं ॲरिझोना राज्य हे 1968 पासून करत नाही. इथे ऊन इतकं असतं की संध्याकाळी आणखी तासभर उजेड कुणालाच नको. म्हणून तू रात्री साडेआठला फोन करतेस तेव्हा माझ्याकडे बारा महिने सकाळचे आठच असतात. इथवर सोपं आहे. पण याच ॲरिझोनात नवाहो लोकांचा मोठा मुलूख आहे आणि तो शेजारच्या युटा आणि न्यू मेक्सिको राज्यांतही पसरलेला आहे. आपल्या सगळ्या माणसांचं घड्याळ एक असावं म्हणून ते तास पुढे करतात. त्या मुलखाच्या पोटात होपी लोकांचा मुलूख आहे. ते ॲरिझोनाप्रमाणे चालतात, म्हणजे करत नाहीत. म्हणजे सरळ रस्त्याने गाडी हाकताना घड्याळ एक तास पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे. दरीजवळचं पेज नावाचं गाव ॲरिझोनाच्या वेळेने चालतं. दरी नवाहो जमिनीवर, तरी तिथल्या फेऱ्याही पेजच्याच वेळेने सुटतात. आणि मोबाईल ज्या टॉवरला चिकटेल त्याची वेळ दाखवतो. एकाच खोलीत माझ्या फोनवर आठ आणि मैत्रिणीच्या फोनवर नऊ! म्हणून तिथे सगळे एकमेकांना "कुणाच्या वेळेने?" असं विचारूनच भेटायचं ठरवतात. नर्सबाई तर मनगटावर साधं काट्यांचं घड्याळ बांधतात आणि फोनकडे बघतच नाहीत. तर आई, फोन लागला नाही म्हणजे काही झालं असा अर्थ काढायचा नाही. यापुढे त्या भागात गेले की मी वेळ देणारच नाही. "तुझी रात्रीची जेवणं उरकल्यावर मीच करीन" एवढंच सांगेन.

बाबा, हा भाग तुमच्यासाठी. नववीच्या वर्गात तुम्ही वाऱ्याचं कार्य शिकवताना फळ्यावर वाळूच्या टेकडीची आकृती काढायचात, एक बाजू मंद उताराची आणि एक तीव्र. ती आकृती मी दगडात पाहिली. ज्या दगडात ही दरी कोरली गेली आहे, त्या नवाहो वालुकाश्माच्या मुळात वाळूच्या टेकड्या होत्या, सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीच्या. वाऱ्याने टाकलेले तिरके थर जसेच्या तसे दिसतात आणि त्यांवरून तेव्हा वारा कुठून कुठे वाहत होता तेही सांगता येतं. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे तो ओतला जाण्याच्या कितीतरी आधी या टेकड्यांचा दगड झालेला होता. तुम्ही तिथे असतात तर वाटाड्याला बाजूला करून तुम्हीच शिकवायला लागला असतात.

त्याहून गंमत दुसऱ्या दिवशी. पेजहून सव्वा तासावर युटामध्ये कनॅब नावाचं गाव आहे आणि त्याच्या पुढे कोरल पिंक सँड ड्यून्स. तिथली वाळू म्हणजे त्याच वालुकाश्माची पुन्हा झालेली वाळू. दगड झिजला, सुटे कण वाऱ्यावर निघाले, दोन डोंगरांमधल्या खिंडीत शिरताना वाऱ्याचा जोर वाढला आणि खिंडीपलीकडे तो मंदावल्यावर ओझं तिथेच पडलं. टेकडीचा दगड, दगडाची परत टेकडी. हळदीत कुंकू मिसळल्यासारखा रंग आहे तिचा. मूठभर वाळू डबीत भरून आणावी असं फार वाटलं, पण तिथून काही उचलायला बंदी आहे, म्हणून नाही आणली.

वाळूचे फोटो पहाटेच काढायचे. सूर्य अगदी आडवा असताना प्रत्येक लहरीची सावली पडते. तो वर आला की सगळं सपाट दिसतं आणि कॅमेरा पिशवीत ठेवलेला बरा. दुपारी तिथे वाळूत चालवायच्या गाड्या धुडगूस घालतात, पण रात्रीचा वारा त्यांच्या चाकोऱ्या बऱ्याचशा पुसून टाकतो. म्हणून अंधारात टॉर्च लावून, आपली पावलं फोटोत येणार नाहीत अशा बाजूने चढलो. साप-विंचवाचं विचारू नकोस. ती जागा उंचावर आहे, पहाटे बोटं आखडतील इतकी थंडी होती आणि पायांत घोट्याच्या वर येणारे बूट होते. जगात फक्त तिथेच सापडणारा एक छोटा भुंगा आहे, त्याच्यासाठी काही भाग गाड्यांना बंद ठेवला आहे. तो काही दिसला नाही. फोटो मात्र असे आलेत की बाबा, तुमच्यासाठी भिंतीएवढे छापून आणणार आहे. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात पिंट्या होता, मी नव्हते, हे माझ्या मनातून जात नाही. निदान नव्या डोळ्याने पाहायला काहीतरी चांगलं माझ्याकडून असावं.

लेन्सचं तुम्हाला मावशीकडून कळलं. हो, घेतली. जुनी घेतली, नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात, आणि घरी पाठवायच्या रकमेतला एक रुपयाही तिच्यात गेलेला नाही. मी इथे सोनं घेत नाही, हॉटेलात फारशी जात नाही. एवढी एक गोष्ट माझी आहे.

पैशांचं. या शुक्रवारी तीन लाख पाठवते. त्यातून आधी पतसंस्थेचा उरलेला हप्ता भरून टाका आणि बाकीचे कार्यालयाच्या बयाण्याला ठेवा. गच्चीच्या गळतीचं पुढच्या महिन्यात बघू, तेवढ्यात कुणाकडून उसने घेऊ नका.

कार्यालयाचा बयाणा असं मी मुद्दामच लिहिलं. सिन्नरची मुलीकडची मंडळी वर्षभर थांबली आहेत, आणि कशासाठी थांबली आहेत हे कुणी मला सांगितलं नाही तरी मला कळतं. थोरली बहीण बिनलग्नाची असताना धाकट्याचं कसं करायचं, हेच ना? बाबा, माझ्यासाठी पिंट्याचं थांबवू नका. लोक चार दिवस बोलतील. ती मुलगी मात्र रोज त्याच्या फोनची वाट बघते आणि तो तिला काय सांगायचं म्हणून गप्प बसतो. मला हे इथे झोपू देत नाही. नाशिकच्या स्थळाशी मी बोलेन, आईला शब्द देते, नीट आणि मनापासून बोलेन. पण त्यांना पहिल्याच बोलण्यात सांगणार की मी नोकरी सोडणार नाही आणि कॅमेराही सोडणार नाही. त्यावर त्यांचं काय ते ठरवू दे. त्या उत्तरावर पिंट्याचा मुहूर्त टांगून ठेवू नका.

माघातली तारीख धरा. मी येण्याची शिकस्त करते आहे. माझ्या व्हिसाचा शिक्का संपला आहे, परत यायला मुंबईत नवा घ्यावा लागेल आणि त्याची तारीख अजून मिळालेली नाही. रोज बघते. मिळाली तर हळदीच्या आधी घरी असेन. नाही मिळाली तरी मुहूर्त पुढे ढकलायचा नाही, हे आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे ऐनवेळी आई रडून बाबांना बदलायला लावणार नाही. करवलीचा मान मावशीच्या धाकटीला द्या, माझी मोरपंखी पैठणी तिला नेसवा.

आणि आई, सिन्नरला फोन तूच कर. ताईची हरकत नाही असं सांगू नकोस, ताईचाच आग्रह आहे असं सांग.

आजोबांना आणि मावशी-काकांना नमस्कार, पिंट्याला आशीर्वाद.

तुमची,
सोनी