जखमी जनावरांसाठी पैसा आधी हवा

महोदय,

गेल्या महिन्यात घोडबंदर रोडवर रात्री गाडीने उडवलेलं कुत्रं आम्ही गोणपाटावर उचलून रिक्षात घातलं. (दोन रिक्षावाल्यांनी नकार दिला, तिसऱ्याने भाडंही घेतलं नाही.) प्राणीसंस्थेत सलाईन लागलं, पण मांडीच्या मोडलेल्या हाडात प्लेट बसवायला पैसे नव्हते. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, क्यूआर कोड फिरवला. रक्कम जमेपर्यंत चार दिवस ते मुकं जनावर कण्हत पडून होतं. मुंबईत परळला जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, पण तशा अवस्थेत तिथवर न्यायचं कसं?

दोष संस्थेचा नाही. फोटो पाहिल्याशिवाय आपला हात खिशात जात नाही, ही खरी गोम. सोसायट्यांनी घरटी दरमहा वीस रुपये अशा तातडीच्या निधीला द्यावेत. प्राप्तिकराची '८०जी' नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर जुन्या करप्रणालीत सवलत मिळते. फक्त २,००० रुपयांहून जास्त रोख देऊ नका, ती सवलतीसाठी धरत नाहीत. आणि वागळे इस्टेटमधल्या कंपन्या? २०१३च्या कंपनी कायद्याच्या अनुसूची ७मध्ये सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चासाठी, प्राणिकल्याणाचा उल्लेख आहे.

कुत्रं वाचलं. किंचित लंगडतं.

— एक वाचक, कासारवडवली, ठाणे